बावीस वर्षं उभी असलेली जावा २५० पुन्हा चालू करायचीय, सुरुवात कुठून करू?

पागोळी

नमस्कार मंडळी, आजवर नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलंय थोडं तर सांभाळून घ्या.

बाबांची जावा २५० मोटारसायकल आहे. बावीस वर्षं एकाच जागी उभी, पत्र्याच्या शेडमध्ये. बंद पडली म्हणून ठेवली असं नाही, चांगली चालवत आणली, स्टँडला लावली, वर कापड टाकलं आणि मग आज काढू उद्या काढू करत राहिली ती राहिलीच. मी चौथीत होते तेव्हा मला पुढे टाकीवर बसवून न्यायचे, त्या टाकीचा गरमपणा आणि दोन सायलेन्सरचा तो आवाज अजून डोक्यात आहे. बाबा आता बहात्तरचे आहेत, गुडघे साथ देत नाहीत, पण गाडीवरचं कापड काढलं तेव्हा खुर्ची घेऊन दीड तास तिथेच बसले होते.

आत्ताची अवस्था अशी की टाकीत जुनं पेट्रोल थोडं तसंच होतं, झाकण उघडलं तर पेट्रोलचा वासच नाही, वार्निशसारखा आंबट वास आला. टायर बसलेत. क्लचची लिव्हर दगडासारखी घट्ट. पुढचं चाक फिरत नाही, ब्रेक धरलाय बहुतेक. चेन आत कव्हरमध्ये आहे त्यामुळे ती कशी आहे माहीत नाही. रंग मूळचाच आहे, मरून.

बाबांचं म्हणणं आहे की प्लग साफ कर, नवीन पेट्रोल टाक आणि मार किक, जावा आहे ती, चालू होणारच. मी अजून मारलेली नाही. मारू का?

लोखंडी_हात

अहो मारा की. प्लगच्या भोकातून थोडं रॉकेल सोडा, रात्रभर ठेवा आणि सकाळी किक. मी अशा दोन गाड्या चालू केल्यात, काही होत नाही.

दोन_सायलेन्सर

नका मारू. हात जोडून सांगतो, पागोळी ताई, त्या दांडीला अजून पाय लावू नका.

लोखंडी_हात, तुमच्या दोन गाड्या चालू झाल्या याचा आनंद आहे, पण माझी एक झाली नव्हती आणि ती मला अजून सलते. चौदा वर्षं उभी असलेली गाडी होती, टू स्ट्रोकच. मीही असंच तेल सोडलं आणि किक मारली. तिसऱ्या किकला कट्ट असा आवाज आला. उघडून बघितलं तर वरची रिंग गंजून पिस्टनच्या खाचेत चिकटलेली, ती पोर्टच्या, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडकीच्या, कडेला अडकून तुटली आणि तुकड्याने लायनरवर (सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर) वरपासून खालपर्यंत रेघ ओढली. आधी उघडली असती तर नुसत्या रिंगा बदलून काम झालं असतं.

फोर स्ट्रोकच्या सिलेंडरच्या भिंतीला भोकं नसतात. टू स्ट्रोकच्या भिंतीलाच खिडक्या असतात, इनलेट, ट्रान्सफर, एक्झॉस्ट, आणि रिंग दर फेऱ्याला त्यांच्या कडांवरून जाते. मोकळी रिंग दबून पुढे जाते, चिकटलेली जात नाही. दुसरी गोष्ट अशी की टू स्ट्रोकमध्ये क्रँककेसमध्ये तेलाचा साठा नसतो, तेल येतं ते पेट्रोलबरोबर. म्हणजे बावीस वर्षांत त्या क्रँकच्या बेअरिंगना तेलाचा एक थेंब मिळालेला नाही. तिथे गंजाचे टिपके पडले असतील तर किकने कळणार नाही, शंभर किलोमीटरनंतर कळेल, रस्त्यावर.

तेव्हा आधी प्लग काढा, भोकातून पातळ तेल सोडा, पाचसहा दिवस तसंच ठेवा. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळूच पुढे मागे करा. पायाने नाही, हाताने! हाताला अडकलेलं कळतं, पायाला कळत नाही.

आणि दोन गोष्टी सांगा. मागे स्विंगआर्म (मागचं चाक धरून वर खाली झुलणारा दांडा) आहे का? चाकं सोळा इंची का?

पागोळी

काका, स्विंगआर्मच आहे, टायरवर ३.२५-१६ लिहिलंय. किकची वेगळी दांडी नाही, गिअरचीच दांडी आत दाबून वर फिरवायची की तीच किक होते. बाबांनी दाखवलं, त्यांनी पाय लावला नाही, हातानेच फिरवून दाखवली.

दोन_सायलेन्सर

मग ३५३ या मॉडेलची वंशावळ आहे. १९४६ च्या पेराक मॉडेलला मागे प्लंजर सस्पेन्शन (नळीत सरळ वर खाली सरकणारं) होतं, १९५४ ला ३५३ आली ती स्विंगआर्म घेऊन. हे अशासाठी विचारलं की पार्ट मागवताना नुसतं "जावा २५०" सांगितलं की भलतंच काहीतरी हातात पडतं. तुमचं इंजिन ६५ मिमी बोअर (सिलेंडरचा व्यास) आणि ७५ मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची धाव), २४८.५ सीसी. इंजिन नंबर आणि फ्रेम नंबर घासून वाचून कागदांशी आत्ताच ताडून बघा, सगळं काम झाल्यावर नको.

भिंगरी

वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्या मामांची गाडी पण अशीच पडून आहे. प्लीज फोटो टाकत राहा.

चिमटा_पाना

सायलेन्सर काकांना +१. अजून एक भर घालतो. प्लग काढायच्या आधी त्याच्या भोवतीचा खड्डा ब्रशने आणि हवेने साफ करा, नाहीतर बावीस वर्षांची माती सरळ सिलेंडरमध्ये जाते. आणि दोन्ही सायलेन्सर काढून आत टॉर्च मारा. एकदा एका गाडीच्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये कुंभारमाशीचं घर निघालं होतं, वाळून वीट झालेली माती. किक मारली असती तर ती माती पिस्टनच्या डोक्यावर गेली असती.

एअर फिल्टरचा डबा पण उघडा, उंदरांना ती जागा फार आवडते.

पागोळी

दहा दिवसांनी येतेय. चिमटा_पाना, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. उजव्या सायलेन्सरमध्ये काही नव्हतं. डाव्या पोर्टमध्ये कुंभारमाशीचं घर होतं. खरंच होतं! बोटाएवढं, तीन कप्प्यांचं, पोर्टच्या अगदी तोंडाशी. मी पिस्टन त्या पोर्टच्या वर आहे की खाली ते आधी बघितलं, पिस्टनने पोर्ट झाकलेला होता, मग लाकडी काडीने थोडं थोडं भिजवून बाहेर ओढलं. बाबांनी ते घर कागदावर काढून ठेवलंय. त्या दिवसापासून किकचं नाव काढलेलं नाही.

इंजिन हाताने फिरत नव्हतं. सहाव्या दिवशी मागचं चाक पुढे ढकललं तर साधारण दोन बोटं हललं आणि थांबलं, मग मागे, मग पुढे, असं अर्धा तास केल्यावर पूर्ण फेरा झाला. पण एका जागी खरखर लागते. आता?

दोन_सायलेन्सर

आता हेड आणि सिलेंडर वर काढा. ती खरखर म्हणजे रिंगा जिथे बावीस वर्षं थांबल्या होत्या तिथला गंज. सिलेंडर वर सरकवताना पिस्टनचा स्कर्ट सुटायच्या आधीच क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा, हे विसरू नका, कारण सर्क्लिप (पिस्टनची पिन धरून ठेवणारी छोटी रिंग) उडून आत पडली तर अख्खं इंजिन फाडावं लागतं. मग कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर खाली करा, खडखड लागता कामा नये. आडवा थोडा हलतो, तो चालतो. क्रँक हळू फिरवून कान लावा.

पागोळी

रॉडला वर खाली काहीच प्ले नाही. बेअरिंगचा आवाज मऊ आहे, एकसारखा. लायनरवर मात्र गंजाचा एक पट्टा आहे, अंगठीसारखा गोल, नख लावलं तर नख अडकतं. वरची रिंग चिकटलेली होती, काका, तुम्ही सांगितलं तशीच. रॉकेलमध्ये दोन दिवस ठेवून सोडवली.

बाबांना दाखवलं. बराच वेळ बोटाने तो पट्टा चाचपत होते, मग म्हणाले, बरं झालं थांबलीस.

दोन_सायलेन्सर

नख अडकतं म्हणजे नुसत्या होनिंगने (दगडाने हलकं घासून) जाणार नाही. बोअर मारून, म्हणजे सिलेंडर आतून किंचित मोठा कापून, पहिल्या ओव्हरसाइजचा (एक माप मोठा) पिस्टन टाका. नवीन रिंग एकटीच सिलेंडरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकला आणि तोंडाची फट मोजा, ६५ च्या बोअरला पाव मिमीच्या आसपास हवी. आणि बोअर मारून आणलेल्या सिलेंडरच्या पोर्टच्या कडा हाताने बघा, धारदार राहिल्या असतील तर बारीक दगडाने किंचित मोडून घ्या, ती धारच रिंग खाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्रँकची सील. टू स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंप असतो, हवा आणि पेट्रोल आधी तिथे ओढलं जातं आणि तिथून वर ढकललं जातं. हा पंप हवाबंद राहतो तो दोन बाजूंच्या रबरी सीलमुळे. बावीस वर्षांत ते रबर लाकूड झालेलं असतं. डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं की फालतू हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, गाडी आपोआप रेस होते, तापते आणि नवा कोरा पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनात ओढलं जातं, मागे पांढऱ्या धुराचा ढग आणि गिअरबॉक्स रिकामा. लोक मग कार्ब्युरेटर उघडत बसतात, महिना महिना. रोग तिथे नसतोच.

दोन्ही सील बदला. दिसायला चांगली असली तरी बदला.

चिमटा_पाना

आणि बदलल्यावर प्रेशर टेस्ट करा. दोन्ही एक्झॉस्ट आणि कार्बचं तोंड रबराच्या गट्टूने बंद करा, प्लगच्या भोकातून हातपंपाने सहा पीएसआयपर्यंत हवा भरा, जास्त नको, नाहीतर तीच सील उलटतील. पाचसहा मिनिटं काटा टिकला पाहिजे. पडला तर साबणाचं पाणी सगळीकडे लावायचं, बुडबुडा सांगतो कुठून जातेय ते.

लोखंडी_हात

हे मी कधीच केलेलं नाही. माझी एक गाडी चालू झाल्यावर आपोआप रेस व्हायची आणि मी दोन वर्षं कार्बला दोष देत राहिलो. आज कळलं कशाने होत होतं. पागोळी ताई, माझा पहिला सल्ला मागे घेतो.

गंजलेला_नट

टाकीचं काय केलंत? आत गंज असेलच.

पागोळी

आत हात घातला तर लाल पूड हाताला येते, तळाला डांबरासारखा थर. बाहेरचा रंग मूळचा आहे तो मला अजिबात घालवायचा नाही, म्हणून भीती वाटतेय.

गंजलेला_नट

रंग वाचवायचा असेल तर इलेक्ट्रोलिसिस करा, मी तेच करतो. पेट्रोलचा अंश अजिबात राहता कामा नये, साबणाच्या गरम पाण्याने तीनचार वेळा धुवा, वास पूर्ण जाईपर्यंत. तळाचा डांबरी थर आधी थिनरने सोडवा, पण बाहेर ओघळू देऊ नका, रंग जाईल. मग टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा, साधारण एका लिटरला एक मोठा चमचा. तोंडातून साध्या लोखंडाची सळई आत सोडायची, टाकीला कुठेही न टेकता, मी रबराच्या बुचातून सोडतो. चार्जरची निगेटिव्ह टाकीला, पॉझिटिव्ह सळईला. उलटं लावलंत तर टाकीच खाल्ली जाईल, तेव्हा लावताना दोनदा बघा. सळई स्टेनलेसची नको, त्यातून क्रोमियमचं विषारी पाणी होतं. आणि हे काम उघड्यावर, कारण हायड्रोजन सुटतो, जवळ ठिणगी नको. चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढायचे नाहीत.

सळईवर गंजाचा चिखल जमतो, तो मधे मधे घासायचा. दोन दिवसांत आतून करडी होते. धुतल्यावर लगेच वाळवा आणि टू टी ऑइल (टू स्ट्रोकचं पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) फिरवा, तासाभरात परत लाल पडते नाहीतर.

अबोली_२५०

वायरिंगकडे कोणी आलं नाही म्हणून मी लिहिते. ताई, तुमच्या गाडीला बॅटरी कॉइलचं इग्निशन आहे, सहा व्होल्ट. बॅटरी मेलेली असेल तर ठिणगी नाही, मग बाकी काहीही करा. सहा व्होल्टमध्ये तेवढ्याच वॅटला बाराच्या दुप्पट करंट लागतो, ३५ वॅटच्या दिव्याला जवळपास सहा अँपिअर. त्यामुळे जुनी हिरवी पडलेली वायर, गंजका अर्थ, सैल फ्यूज होल्डर, यातलं एकही सहन होत नाही. फ्रेमला जिथे अर्थ बसतो तिथला रंग घासून लोखंड चकचकीत करा. माझ्या गाडीत तर तेवढ्यानेच अर्धा आजार गेला होता.

पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क) बारीक पॉलिश पेपरने घासा आणि मग कोरं कार्ड मधून ओढा म्हणजे तेलाचा अंश जातो. गॅप ०.४ मिमी. कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा भाग) डोळे झाकून नवीन. जुना कंडेन्सर फसवतो, थंड असताना गाडी सुंदर चालते, तापली की बंद, वीस मिनिटं थांबलं की परत चालू. पॉइंटवर निळसर मोठ्या ठिणग्या दिसल्या की समजायचं तोच.

पागोळी

मधे दोन महिने गेले, कामाच्या गडबडीत फक्त रविवार मिळतो. आत्तापर्यंत झालेलं सांगते. सिलेंडर बोअर होऊन आला, पोर्टच्या कडा मोडल्या, नवा पिस्टन बसला. दोन्ही सील बदलली, जुनं सील काढताना त्याची ओठ कडकन तुटली, बिस्किटासारखी. प्रेशर टेस्टला पहिल्यांदा काटा पडत होता, साबण लावल्यावर सिलेंडरच्या खालच्या गॅस्केटमधून बुडबुडे आले, नवीन गॅस्केट टाकलं, आता सहा मिनिटं हलत नाही. टाकी गंजलेला_नट यांच्या पद्धतीने केली आणि रंग जसाच्या तसा आहे.

क्लच प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या, कॉर्कच्या आहेत, सुट्या करून ऑइलमध्ये भिजवल्या. ब्रेक शूचं लायनिंग एका बाजूने शूपासून सुटलेलं होतं.

चिमटा_पाना

ते शू नवीन लायनिंगचेच टाका, चिकटवाचिकटवी नको. आणि ड्रममधली ती काळी धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. टायरची नक्षी भरपूर दिसतेय म्हणून ठेवणार असाल तर तेही नको, रबर कडक झालंय, ओल्या रस्त्यावर पकडणार नाही. ट्यूब आणि रिमची पट्टी पण नवीन. चाकाच्या आणि हँडलच्या बेअरिंगमधलं ग्रीस मेणासारखं झालं असेल, ते पूर्ण धुऊन काढा.

झगमग

एवढं सगळं करताय तर रंग पण काढून टाका की, नवी कोरी दिसेल. क्रोम पण करून घ्या.

पागोळी

नाही झगमग, रंग नाही काढणार. टाकीच्या वर, झाकणाच्या थोडं अलीकडे, सोनेरी रेघ एका जागी पुसट झालीय. मी बसायचे ती जागा आहे. दांडीचं रबर फक्त खालच्या बाजूने झिजलंय, बाबांच्या बुटाने. हे सगळं नवीन केलं तर गाडी चालेल पण ती दुसऱ्या कोणाची तरी असेल. गंज थांबवायचा, मेण लावायचं, एवढंच.

दोन_सायलेन्सर

अगदी बरोबर. टाकीवरचा बिल्लाही तसाच ठेवा. यानेचेक आणि वांडरर, दोन नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून १९२९ ला ते नाव झालं, आणि तुमच्या बिल्ल्यावर त्या अक्षरांच्या कडा हाताने पुसून पुसून गोल झाल्यात, फोटोत दिसतंय. नवीन मिळतो तो असा नसतो.

कार्बचं राहिलं. जिकॉव्हची (तुमच्या कार्बचा मेक) जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, तारेने टोचू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. भिजवा आणि हवा मारा. फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर भोक आहे, गरम पाण्यात बुडवा, बुडबुडा जागा दाखवेल. पेट्रोलचा पाइप इथेनॉल चालेल असा घ्या, जुनं रबर आजच्या पेट्रोलमध्ये फुगतं आणि विरघळतं.

पहिल्या स्टार्टला एका लिटरला ४० मिली टू टी ऑइल. बाहेर उघड्यावर. आणि गाडी आपोआप रेस होऊ लागली तर घाबरून किल्लीवर अवलंबून राहू नका, चौथा गिअर टाकून दोन्ही ब्रेक दाबून क्लच सोडा, गुदमरून बंद पडेल. हे चालू करायच्या आधी बंद गाडीवर चारपाच वेळा करून बघा, हाताला सवय पाहिजे.

भिंगरी

कधी कधी कधी??

पागोळी

आज!

सकाळी सात वाजता बाहेर काढली. बाबा खुर्चीवर. टिकलर (कार्बमध्ये जास्तीचं पेट्रोल सोडायचं बटण) दाबला, बोटाला पेट्रोल लागेपर्यंत. किल्ली न लावता हळूच पाच किका, नुसतं तेल फिरायला. मग किल्ली. लाल दिवा लागला तेव्हाच बाबा उठून उभे राहिले.

पहिली किक काही नाही. दुसरी, फुस्स. तिसरीला एकदा डग्ग झालं आणि थांबली. चौथीला धरली. आधी अडखळत, मग डग डग डग डग आणि निळा धूर सगळ्या अंगणभर, आणि मी क्लच धरून तशीच उभी कारण काका तुम्ही सांगितलेलं डोक्यात होतं, पण ती रेस झाली नाही, शांत बसली. बाबा काही बोलले नाहीत. जवळ येऊन टाकीवर हात ठेवला आणि ती गरम होईपर्यंत तिथेच ठेवला.

थंड झाल्यावर हेडचे नट परत तपासले, दोन थोडे सैल होते, फुलीच्या क्रमाने आवळले. संध्याकाळी चार किलोमीटर चालवली, अर्ध्या थ्रॉटलच्या वर गेले नाही. प्लग काढून बघितला, चॉकलेटी आहे, थोडा काळ्याकडे.

लोखंडी_हात

डोळ्यात पाणी आलं ताई. अभिनंदन तुमचं आणि बाबांचं.

अबोली_२५०

वा वा वा! कंडेन्सर नवीन टाकलात ना?

पागोळी

टाकला अबोली, तापल्यावरही बंद पडली नाही.

एक शंका आहे. बाबा गेटपाशी उभे होते, मी परत आले तर म्हणाले, चेन कव्हरला लागतेय, तिसऱ्या गिअरला सोडतेस तेव्हा ऐकू येतं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. कव्हरचं वरचं रबरी झाकण काढून बघितलं तर खरंच आतल्या बाजूला ताजी चकचकीत रेघ आहे. किती सैल ठेवायची असते?

दोन_सायलेन्सर

तुमच्या बाबांच्या कानाला माझा नमस्कार सांगा.

गाडीवर कोणीतरी बसलेलं असताना मधोमध बोटाने वर खाली साधारण दोन सेंटीमीटर. स्टँडवर मोजून घट्ट केलीत तर बसल्यावर ताणली जाते. चाक थोडं थोडं फिरवून चारपाच ठिकाणी मोजा आणि जिथे सगळ्यात घट्ट असेल तिथला हिशोब धरा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी नसते. दोन जागांत फार फरक आला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. बाबांनाच बसवा गाडीवर मोजताना.